तुमच्या वर्डप्रेस साइटला कुलूप आहे का? हॅकिंग आणि मालवेअरपासून बचाव, सोप्या भाषेत



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण वेबसाइटच्या सुरक्षेबद्दल बोललो. व्हिडिओमध्ये सगळं सांगता येत नाही. कोणतं काम आधी करायचं, कोणतं नंतर, हे लिहिलेलं असलं की समोर ठेवून करता येतं. म्हणून हा लेख. आरामात वाचा, आणि शेवटची यादी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आधी एक खरी गोष्ट सांगतो.

माझ्या बॅचमधल्या एक ताई दिवाळीचा फराळ विकतात. भाजणीची चकली, अनारसे, चिवडा, शंकरपाळी. सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपवर झाली, मग त्यांनी वर्डप्रेसवर साइट करून घेतली. त्या साइटवर ताई स्वतः लेख लिहायच्या: भाजणीचं प्रमाण काय, अनारसे तळताना का हसतात, परदेशात फराळ पाठवताना पॅकिंग कसं करायचं. हे लेख गूगलमध्ये वर यायला लागले आणि तिथूनच गिऱ्हाईक यायला लागलं. परदेशी पाठवायचा फराळ दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी बुक होतो, म्हणजे नवरात्र हाच त्यांचा खरा सीझन.

एका वर्षी ऐन नवरात्रात ऑर्डर अचानक कमी झाल्या. ताईंना वाटलं, यंदा मार्केट थंड आहे. आठवडाभरानं एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, तुमची साइट उघडली की जुगाराचं पान येतंय." ताईंनी लॅपटॉपवर साइट उघडून पाहिली. एकदम व्यवस्थित. त्या म्हणाल्या, "तुमच्याच मोबाइलमध्ये काहीतरी असेल." दोन दिवसांनी दुसरा फोन आला, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "सर, साइट नीट आहे ना हो?"

मी मोबाइल घेतला, गूगलमध्ये त्यांचं नाव शोधलं आणि क्लिक केलं. समोर जुगाराचं पान!

आता हे असं का? ताईंना साइट नीट दिसते आणि गिऱ्हाइकाला नाही? कारण घुसवलेला कोड हुशार असतो. तो आधी तीन गोष्टी तपासतो: समोरचा माणूस गूगलमधून आलाय का, मोबाइलवर आहे का, आणि लॉगिन केलेला आहे का. मालक बहुतेक वेळा थेट पत्ता टाकून, लॅपटॉपवर, लॉगिन करून येतो. त्याला खरी साइट दाखवायची आणि गिऱ्हाइकाला पळवून न्यायचं. मालकाला जितक्या उशिरा कळेल, तितकी हॅकरची कमाई जास्त.

साइट साफ व्हायला अकरा दिवस लागले. त्यातले चार दिवस तर फक्त होस्टिंगचा लॉगिन शोधण्यात गेले, कारण तो साइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर होता आणि तो मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला होता. तोपर्यंत परदेशातल्या ऑर्डरची वेळ निघून गेली. वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या अकरा दिवसांत बुडाला. कारण काय निघालं? ते पुढे सांगतो.

"माझ्या छोट्या साइटला कोण हॅक करणार?"

हा प्रश्न मला दर बॅचमध्ये विचारला जातो. "सर, आपलं काय बँक आहे का? कोण येतंय आपल्याकडे?"

मित्रांनो, कोणी माणूस तुमचं नाव शोधून येत नाही. हे काम बॉट करतात, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम. एखादा चोर रात्री सोसायटीत शिरतो आणि प्रत्येक दाराची कडी हलवून बघतो, तसंच. जे दार उघडं सापडेल, त्यात शिरायचं. आत दागिने आहेत की रद्दी, हे नंतर बघायचं. आणि जगातल्या दर दहापैकी चारहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. म्हणजे एका प्रकारच्या कुलपाची किल्ली सापडली की लाखो दारं एकदम तपासता येतात.

तुमच्या साइटचा त्यांना उपयोग काय? बराच आहे. तुमच्या गिऱ्हाइकाला जुगाराच्या किंवा बनावट औषधांच्या पानावर पळवता येतं. तुमच्या साइटवर हजारो स्पॅम पानं गुपचूप तयार करून गूगलमधलं तुमचं नाव वापरता येतं. तुमच्या होस्टिंगवरून फसवे ईमेल पाठवता येतात. एखाद्या बँकेचं खोटं लॉगिन पान तुमच्या डोमेनवर लपवून ठेवता येतं. आणि साइटवर पेमेंट घेत असाल तर चेकआउटच्या पानावर कोड टाकून कार्डाची माहिती चोरता येते. तुमच्या दुकानात चोरण्यासारखं काही नसलं, तरी तुमचं दुकान दुसऱ्या चोरीसाठी वापरता येतं.

चोर आत येतो कुठून?

बहुतेक वेळा पाच दारांपैकी एखादं उघडं असतं. एकेक बघू.

दार पहिलं: अपडेट न केलेली साइट

वर्डप्रेसमध्ये तीन थर असतात. मूळ सॉफ्टवेअर, थीम म्हणजे साइटचं रूप, आणि प्लगइन म्हणजे जादा सोयी. तिन्ही माणसांनीच लिहिलेले असल्यामुळे त्यांत चुका निघतात. चूक सापडली की बनवणारे दुरुस्ती काढतात, तीच अपडेट.

पण इथे एक गंमत आहे. दुरुस्ती जाहीर झाली, की चूक नेमकी कुठे होती हे सगळ्या जगाला कळतं. हॅकरलाही कळतं. त्यामुळे अपडेट आल्यानंतरचे पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे.

उदाहरण घ्या. २६ जानेवारी २०१७ ला वर्डप्रेसची ४.७.२ ही आवृत्ती आली. त्यात एक गंभीर दुरुस्ती होती. त्याआधीच्या दोन आवृत्त्यांत कोणालाही पासवर्डशिवाय दुसऱ्याच्या साइटवरचा लेख बदलता येत होता. वर्डप्रेसच्या टीमनं ही गोष्ट मुद्दाम आठवडाभर गुप्त ठेवली, म्हणजे तोवर बहुतेक साइट आपोआप अपडेट होतील. १ फेब्रुवारीला माहिती जाहीर केली. त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत पंधरा लाखांपेक्षा जास्त पानं विद्रूप झाली. ज्यांचं अपडेट आपोआप झालं होतं, ते वाचले. ज्यांनी "साइट बिघडेल" म्हणून ऑटो अपडेट बंद ठेवलं होतं, ते सापडले.

प्लगइनचंही तसंच. सप्टेंबर २०२० मध्ये फाइल मॅनेजर नावाच्या एका प्लगइनमध्ये भोक सापडलं. सात लाखांहून जास्त साइटवर ते होतं. दुरुस्ती आली त्याच सुमारास हल्लेही चालू होते. काही हॅकर तर आत शिरल्यावर ते भोक स्वतःच्या पासवर्डनं बंद करत होते, म्हणजे दुसऱ्या हॅकरनं आत येऊ नये! चोरानं आपल्या दाराला स्वतःचं कुलूप लावावं, असला प्रकार.

दार दुसरं: फुकटात मिळालेली महागडी थीम

ताईंच्या साइटमध्ये चोर इथूनच आला होता. साइट बनवणाऱ्या मुलानं चार-पाच हजारांची थीम कुठल्या तरी साइटवरून फुकट उतरवली होती. अशा थीमला या धंद्यात नल्ड थीम म्हणतात. मूळ थीममधली लायसन्सची तपासणी काढून टाकलेली असते आणि जाताजाता आत एक चोरदरवाजा बसवलेला असतो. डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचं मालवेअर तर वर्षानुवर्षं याच वाटेनं पसरलं. ते एका थीममधून आत शिरतं आणि त्याच होस्टिंगवरच्या बाकी साइटमध्येही जातं.

विचार करा. कोणी दहा रुपयांची वस्तू फुकट का वाटेल? थीम फुकट हवी असेल तर वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात हजारो थीम फुकट आहेत. त्या वापरा. पैसे द्यायचे असतील तर बनवणाऱ्यालाच द्या. आणि पावती स्वतःच्या नावावर घ्या, कारण लायसन्स तुमच्या नावावर नसेल तर पुढची अपडेट तुम्हाला मिळत नाही.

दार तिसरं: न वापरलेले आणि विकले गेलेले प्लगइन

आपली सवय काय? दिसलं प्लगइन, टाकलं. नको असलं की "डिअ‍ॅक्टिव्हेट" करायचं आणि विसरून जायचं. पण बंद केलेल्या प्लगइनच्या फाइल सर्व्हरवर तशाच पडून असतात. त्यात भोक असेल तर कधीकधी बंद असतानाही ते वापरता येतं. नको असलेलं प्लगइन डिलीटच करा.

दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो. प्लगइनचा मालक बदलू शकतो. २०१७ मध्ये डिस्प्ले विजेट्स नावाचं प्लगइन असंच विकलं गेलं. सुमारे दोन लाख साइटवर ते होतं. नव्या मालकानं अपडेटमधूनच चोरदरवाजा घातला आणि लोकांच्या साइटवर स्पॅम मजकूर टाकायला सुरुवात केली. तो मजकूर लॉगिन केलेल्या माणसाला दिसतच नव्हता! वर्डप्रेसनं ते प्लगइन संग्रहातून अनेकदा काढलं, आणि शेवटी सप्टेंबर २०१७ मध्ये कायमचं बंद केलं.

मग काय करायचं? प्लगइन जितकी कमी, तितकं बरं. नवीन टाकण्याआधी शेवटचं अपडेट कधी झालं ते बघा. वर्षभर कोणी हात लावला नसेल तर दुसरं शोधा. आणि जे वापरताय ते संग्रहातून काढलं गेल्याचं कळलं, तर त्याच दिवशी काढा.

दार चौथं: पासवर्ड

एप्रिल २०१३ मध्ये जगभरातल्या वर्डप्रेस साइटवर एक मोठा हल्ला झाला. बॉट फक्त एकच काम करत होते: "अ‍ॅडमिन" हे युजरनेम धरायचं आणि नेहमीचे पासवर्ड एकामागून एक टाकून बघायचे. दार फोडायची गरजच नाही, किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे! आजही हे हल्ले रोज चालू असतात.

आपल्याकडे पासवर्ड काय असतो? दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. नाहीतर मुलाचं नाव आणि जन्मसाल. आणि तोच पासवर्ड ईमेलला, फेसबुकला, होस्टिंगला. एका ठिकाणाहून फुटला की सगळीकडे चालतो.

इथे तीन कामं करा. प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवा, तो लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर वापरा. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा आकडी कोड लागेल. आणि चुकीचा पासवर्ड चार-पाच वेळा टाकला की लॉगिन काही वेळ बंद होईल, अशी सोय लावा.

सगळ्यात महत्त्वाचा पासवर्ड तुमच्या ईमेलचा. कारण बाकी सगळ्या पासवर्डचे रिसेट तिथेच येतात. ईमेल गेला की घर गेलं.

दार पाचवं: दुसऱ्याच्या हातातल्या किल्ल्या

लेख लिहायला एक मुलगी ठेवली, तिला अ‍ॅडमिन केलं. डिझाइन बदलायला एक जण आला, त्यालाही अ‍ॅडमिन केलं. कामं संपली, माणसं गेली, किल्ल्या तशाच. त्यांतल्या एकाचा लॅपटॉप हॅक झाला तरी तुमची साइट उघडी.

वर्डप्रेसमध्ये युजरचे वेगवेगळे अधिकार असतात. लेख लिहिणाऱ्याला "ऑथर" पुरेसं आहे. सगळे लेख तपासणाऱ्याला "एडिटर". "अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" फक्त तुम्ही, आणि काम चालू असेपर्यंत डेव्हलपर. काम संपलं की युजर काढा. आपण नोकर सोडून गेल्यावर दुकानाचं कुलूप बदलतोच ना?

आणि मित्रांनो, डोमेन आणि होस्टिंग स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डवर घ्या. डेव्हलपर कितीही ओळखीचा असला तरी. भाड्याच्या गाळ्याचा करार आपण कधी सुताराच्या नावावर करतो का?

"पण सर, माझ्या साइटला एचटीटीपीएस आहे!"

हा एक मोठा गैरसमज. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असणं म्हणजे एसएसएल. ते हवंच. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउजर एसएसएल नसलेल्या साइटला "सुरक्षित नाही" असं दाखवतो, आणि लेट्स एन्क्रिप्टमुळे ते फुकट मिळतं. पण त्याचं काम मर्यादित आहे. गिऱ्हाइकाच्या मोबाइलपासून तुमच्या सर्व्हरपर्यंत माहिती बंद पाकिटात जाते, वाटेत कोणी वाचू शकत नाही. पाकीट पोचल्यावर दुकानात चोर बसलेला असेल तर एसएसएल काही करू शकत नाही. हॅक झालेल्या साइटलाही एसएसएल असू शकतं.

बॅकअप: शेवटचा आधार

सगळं करूनही एखाद्या दिवशी साइट हॅक होऊ शकते. शंभर टक्के सुरक्षित असं काही नसतं. त्या दिवशी तुम्हाला वाचवतो तो बॅकअप.

ताईंकडे बॅकअप होता. पण तो त्याच होस्टिंगवर, त्याच फोल्डरमध्ये. घराची जादा किल्ली घरातच ठेवल्यासारखं. मालवेअर तिथेही शिरलं होतं.

बॅकअपचे चार नियम लक्षात ठेवा.

१. साइटच्या बाहेर ठेवा. गूगल ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या क्लाउडवर. अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन हे काम आपोआप करतं.

२. फाइल आणि डेटाबेस, दोन्हींचा घ्या. लेख आणि ऑर्डर डेटाबेसमध्ये असतात, फोटो आणि थीम फाइलमध्ये.

३. एकच ताजा बॅकअप ठेवू नका. मालवेअर महिनाभर लपून बसू शकतं. किमान दोन-तीन महिन्यांचे जुने बॅकअप असू द्या. महिन्यातून एकदा एक प्रत पेनड्राइव्हवरही घ्या.

४. सहा महिन्यांतून एकदा बॅकअप परत चढवून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे न वाचलेली विमा पॉलिसी. गरज पडते तेव्हाच कळतं आत काय नाही ते.

सिक्युरिटी प्लगइन आणि होस्टिंग

वर्डफेन्स किंवा सुकुरीसारखं एक सिक्युरिटी प्लगइन टाका. एकच. दोन-तीन टाकली तर ती एकमेकांशी भांडतात आणि साइट संथ होते. वर्डफेन्स तुमच्या साइटवरची वर्डप्रेसची फाइल मूळ फाइलशी ताडून बघतं, आणि फरक दिसला की कळवतं. फुकट आवृत्तीत नव्या धोक्यांचे नियम पैसे भरणाऱ्यांपेक्षा ३० दिवस उशिरा मिळतात, हे माहीत असू द्या. म्हणजे फुकट प्लगइनच्या भरवशावर अपडेट टाळून चालणार नाही. छोट्या साइटला फुकट आवृत्ती आणि वेळेवर अपडेट, हे पुरतं. साइटवर रोज पेमेंट येत असेल तर पैसे भरण्याचा विचार करा.

होस्टिंग घेताना फक्त "पहिल्या वर्षी इतके रुपये" बघू नका. रोजचा बॅकअप आहे का, तो किती दिवस ठेवतात, साइट हॅक झाली तर मदत करतात का, हे आधी विचारा. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये पीएचपीची आवृत्तीही बघा. ७.४ किंवा त्याहून जुनी असेल तर लगेच बदलायला सांगा, कारण ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झालं.

आणि एकाच होस्टिंगमध्ये जुन्या, अर्धवट, "टेस्ट" नावाच्या साइट पडून असतील तर त्या काढा. तिथून चोर आत येतो आणि शेजारच्या चालू साइटमध्ये शिरतो.

दर सोमवारची पंधरा मिनिटं

दुकान उघडल्यावर आपण झाडू मारतो, दिवा लावतो. साइटलाही आठवड्यातून पंधरा मिनिटं द्या.

- आधी बॅकअप झाला आहे का बघा, मग अपडेट करा. लेख आणि फोटोंची साधी साइट असेल तर ऑटो अपडेट चालू ठेवा. ऑगस्ट २०२० पासून प्लगइन आणि थीमसाठीही ही सोय वर्डप्रेसमध्येच आहे. ऑनलाइन दुकान असेल तर गर्दी नसताना स्वतः अपडेट करा आणि लगेच एक खोटी ऑर्डर टाकून बघा.
- युजरच्या यादीत अनोळखी नाव आहे का बघा.
- मोबाइल डेटावर, इन्कॉग्निटोमध्ये, गूगलवर स्वतःचं नाव शोधून साइटवर जा. थेट पत्ता टाकू नका. गिऱ्हाईक येतं तसे या.
- गूगलमध्ये इंग्रजीत "साइट", मग कोलन, आणि जागा न सोडता तुमचं डोमेन टाकून शोधा. गूगलकडे असलेली तुमची बरीच पानं दिसतील. जपानी अक्षरातली किंवा औषधांची पानं दिसली, तर समजा गडबड आहे.
- गूगल सर्च कन्सोलमध्ये "सिक्युरिटी इश्यूज" हा भाग उघडा. ही सेवा फुकट आहे, आणि गडबड सापडली तर गूगल तुम्हाला ईमेलही करतं.

ही शेवटची तीन कामं ताईंनी केली असती तर पहिल्याच सोमवारी कळलं असतं.

साइट हॅक झालीच, तर?

घाबरू नका आणि घाईत काही डिलीट करू नका. क्रम पाळा.

१. स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ लिहून ठेवा.

२. होस्टिंगवाल्यांना फोन करून साइट तात्पुरती बंद करायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांना कळवा, "साइटचं काम चालू आहे, ऑर्डर इथे द्या." लपवू नका. दुसऱ्याकडून कळलं तर विश्वास जातो.

३. स्वतःचा कॉम्प्युटर अँटिव्हायरसनं तपासा. मग ईमेलचा आणि होस्टिंगचा पासवर्ड बदला. कॉम्प्युटरमध्येच व्हायरस असेल तर नवा पासवर्डही जाईल, म्हणून तपासणी आधी.

४. आहे त्या स्थितीतल्या साइटची एक प्रत बाजूला काढून ठेवा. ऑनलाइन दुकान असेल तर अलीकडच्या ऑर्डरची यादीही उतरवून घ्या, कारण जुना बॅकअप चढवला की मधल्या ऑर्डर जातात.

५. हॅक होण्याच्या आधीचा बॅकअप चढवा. तो नसेल तर वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन मूळ जागेवरून नव्यानं टाका. फोटोंच्या "अपलोड्स" फोल्डरमध्ये पीएचपी फाइल दिसली तर बहुधा तीच चोरवाट. इथे जाणकाराची मदत घ्या.

६. साइट उघडण्याआधी सगळं अपडेट करा आणि जिथून चोर आला ते प्लगइन किंवा थीम काढा. हे राहिलं तर दोन दिवसांत तो परत येतो.

७. आता वर्डप्रेसचे सगळे पासवर्ड आणि डेटाबेसचा पासवर्ड बदला. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्याही बदलायला सांगा, म्हणजे हॅकर आत लॉगिन असेल तर बाहेर फेकला जाईल.

८. गूगलनं लाल इशारा लावला असेल तर सर्च कन्सोलमधून तपासणीची विनंती करा. मालवेअर असेल तर काही दिवस लागतात, स्पॅम पानांच्या बाबतीत काही आठवडेही लागू शकतात. साइट खरंच साफ झाल्याशिवाय विनंती करू नका. साइट पुन्हापुन्हा बाधित होते असं गूगलला वाटलं, तर ३० दिवस विनंतीच करता येत नाही.

९. तुमचे किंवा गिऱ्हाइकाचे पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितकं लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. गिऱ्हाइकांची माहिती गेली असण्याची शंका असेल तर त्यांनाही स्पष्ट सांगा.

डेव्हलपरला विचारायचे पाच प्रश्न

साइट अजून बनवायची असेल तर हे प्रश्न आधीच विचारा. साइट तयार असेल तर आज विचारा.

डोमेन कोणाच्या नावावर आहे? होस्टिंगचा लॉगिन माझ्याकडे आहे का? थीम आणि प्लगइनच्या पावत्या कुठे आहेत? बॅकअप कुठे जातो, आणि तो परत चढवून बघितलाय का? काम संपल्यावर अपडेट कोण करणार, आणि त्याचे महिन्याला किती?

या प्रश्नांवर जो चिडेल, त्याला काम देऊ नका. चांगला डेव्हलपर खूश होईल, की चला, गिऱ्हाईक समजूतदार आहे.

ताईंचं पुढे काय झालं? पुढच्या वर्षी त्यांनी थीम पैसे देऊन घेतली, होस्टिंग स्वतःच्या नावावर केलं, आणि गणपतीतच साइटची पूर्ण तपासणी करून घेतली. आता त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर सोमवारी "साइट" असं पेननं लिहिलेलं असतं. तळणीचं तेल तपासतात, तशी त्या साइट तपासतात. त्या वर्षीची बुडालेली कमाई काही परत आली नाही. पण फराळ नेहमीच्या घरांमध्ये पुन्हा जायला लागला.

तुम्ही आज एकच काम करा. मोबाइल डेटा चालू करा, इन्कॉग्निटो उघडा, गूगलमध्ये स्वतःच्या व्यवसायाचं नाव शोधा आणि क्लिक करा. काय दिसतं ते बघा. मग उद्या बॅकअप, परवा पासवर्ड. एका दिवसात सगळं होत नाही, पण आठवड्यात नक्की होतं.

पुढच्या व्हिडिओत बॅकअप घेणं आणि परत चढवणं स्क्रीनवर करून दाखवतो. तोपर्यंत भेटत राहू, शिकत राहू. तुमच्या व्यवसायाला मनापासून शुभेच्छा!